तळ्याकाठच्या आणि रानातल्या वनस्पती ओळखायच्या कशा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली दोन वर्षे आपण सुट्टीच्या दिवशी सातारा परिसरातील तळी, ओढे आणि त्यांना लागून असलेली जंगले पाहत हिंडत आहात. दिसेल त्या वनस्पतीचे छायाचित्र घेता, पण नाव काही पक्के होत नाही. मोबाइलवरील ॲप एक नाव सांगते, गावातील माणसे दुसरे सांगतात आणि पुस्तकातील चित्र तिसऱ्याशीच जुळते. सोबत आपण तीन छायाचित्रे पाठवली आहेत: तळ्यात तरंगणारे एक पांढरे फूल, ओलसर बांधावरची 'ब्राह्मी' आणि ओढ्याकाठच्या एका मोठ्या झाडाचे पान. पावसाळ्यात रानभाज्या स्वतः ओळखून आणता येतील का, असेही आपण विचारले आहे. तीस वर्षांहून अधिक काळ वनस्पतिशास्त्र शिकवताना आणि सह्याद्रीत हिंडताना जे हाताशी आले, त्याच्या आधाराने सविस्तर उत्तर देतो.

आपली अडचण निरीक्षण कमी पडल्याने झालेली नाही, ते उलट्या टोकाकडून सुरू झाल्याने झाली आहे. आपला भर फुलांच्या छायाचित्रांवर आहे, तीही वरून आणि अगदी जवळून घेतलेली. फुलाचा रंग हा ओळखीच्या खुणांपैकी सर्वांत कच्चा आहे. एकाच जातीत पांढरी आणि जांभळी फुले असतात, आणि एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या पाच वनस्पतींची फुले सारखीच पिवळी असतात. वनस्पती कोठे उभी आहे, मूळ कोठे रुजले आहे, पान खोडाला कसे जोडले आहे आणि चुरगळल्यावर त्याचा वास कसा येतो, या गोष्टी आधी पाहाव्यात आणि फुलाकडे त्यानंतर वळावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादे नाव मनात आले की ते सिद्ध करणाऱ्या खुणा शोधत बसू नये; त्या वनस्पतीसारखी दिसणारी दुसरी कोणती, आणि ती ही नाही हे कोणत्या एका खुणेने ठरते, ते शोधावे. ती खूण हाती लागल्याशिवाय वहीत नाव लिहू नये.

तळ्यापासून सुरुवात करू. काठावर उभे राहून पाण्याकडे पाहिले की वनस्पतींचे पट्टे दिसतात. काठाच्या चिखलात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या, तळाशी मूळ आणि पृष्ठभागावर पाने अशा, मूळ कोठेही न रुजवता मोकळ्या तरंगणाऱ्या, आणि संपूर्ण पाण्याखाली राहणाऱ्या. आपली वनस्पती यांपैकी कोणत्या पट्ट्यातील आहे हे नोंदवले की शंभर शक्यतांमधून दहा-पंधराच उरतात. छायाचित्रात नेमके हेच हरवते, कारण जवळून घेतलेल्या फुलामागे पाणी किती खोल होते हे कोणालाच कळत नाही.

आपल्या पहिल्या छायाचित्राला ॲपने 'पांढरे कमळ' म्हटले आहे. ते कमळ नाही आणि कुमुदही नाही. ती कुमुदिनी आहे. या तिघांची गल्लत फार होते, म्हणून येथे थोडे थांबतो. कमळाचे पान गोल ढालीसारखे असून देठ पानाच्या मध्यभागी जोडलेला असतो. कडेपासून देठापर्यंत जाणारी खाच त्याला नसते. पूर्ण वाढलेली पाने पाण्याच्या वर उभी राहतात, देठावर बारीक काटे जाणवतात आणि पानावर पडलेले पाणी न भिजवता थेंबाथेंबाने घरंगळते. फुलाच्या मध्यभागी उलट्या शंकूसारखा भाग असतो आणि त्याच्या सपाट माथ्यावर छिद्रे दिसतात. कमळाच्या बिया, म्हणजे कमळकाकड्या, याच छिद्रांत पिकतात. कुमुदाचे पान मात्र पाण्यावर पसरलेले असते आणि त्याला थेट देठापर्यंत खोल खाच असते. पानाची कड तीक्ष्ण दातेरी, पाठ लवदार आणि फूल रात्री उमलणारे असेल, तर ती निम्फिया प्युबेसन्स. कड जवळजवळ सरळ किंवा किंचित नागमोडी, पाठ गुळगुळीत आणि फूल दिवसा उमललेले असेल, तर ती निम्फिया नौचाली; तिचे फूल निळसर, गुलाबी किंवा पांढरेही असते. कमळ आणि कुमुद ही भावंडे असावीत असे दिसण्यावरून वाटते, पण जनुकीय अभ्यासाने कमळाचे नाते अगदी वेगळ्या शाखेशी जुळले आहे. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि चहाच्या मळ्यांत लावतात तो सिल्व्हर ओक कमळाला कुमुदापेक्षा जवळचा आहे. दिसण्यावरून नाते ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कुमुदिनीचे पान हृदयाच्या आकाराचे असून लांबून कुमुदाच्या लहान पानासारखे दिसते. विद्यार्थी असताना मीही तिला कुमुदाचे रोप समजून तसे लेबल लावले होते. माझ्या गुरुजींनी काही न बोलता पान उलटे करून माझ्या हातात ठेवले, आणि फुलांचा झुबका पानाच्या अगदी खालूनच, त्याच 'देठा'वरून निघालेला दिसला. कुमुदाचे प्रत्येक फूल तळाच्या कंदापासून स्वतःच्या स्वतंत्र दांड्यावर वर येते. कुमुदिनीत जो देठ वाटतो तो बहुतांशी खोडाचा भाग असतो आणि त्याच्या टोकाला पान व फुले एकत्र येतात. आपल्या छायाचित्रात पाकळ्यांवर कापसासारखी झालर आणि मध्यभागी पिवळा रंग स्पष्ट आहे. म्हणून ती निम्फॉइडिस इंडिका. पाकळ्यांवर केस नसून मधोमध उभा पातळ पडदा असता, तर ती तिची बहीण निम्फॉइडिस हायड्रोफिला ठरली असती. आपल्या जिल्ह्यातील कास पठाराजवळचे कुमुदिनीचे तळे याच फुलांमुळे ओळखले जाते, तेव्हा पुढच्या वेळी तेथे काठाशी आलेले एखादे पान न तोडता उलटून पाहा.

मोकळ्या तरंगणाऱ्यांत फारसा गोंधळ नाही. जलपर्णीच्या देठाला हवेने भरलेला फुगा असतो आणि तिच्या जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. गोंडाळ म्हणजे पाण्यावर ठेवलेला लहान कोबी वाटावा असा मखमली पानांचा गुच्छ. शिंगाड्याच्या देठालाही फुगा असतो, पण पाने चौकटीच्या आकाराची, दातेरी आणि फुलासारखी गोल मांडलेली असतात, आणि त्याची वेल तळाशी रुजलेली असते. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. तिचा एक तुकडाही नव्या पाण्यात पडला तर तेथे पसरतो, म्हणून नमुना पाहून झाल्यावर तो दुसऱ्या तळ्यात कधीही टाकू नये. काठावर कोरड्या जागी ठेवावा.

पाण्याखालच्या वनस्पतींबाबत आपल्या भाषेची एक अडचण आहे. दगडावरची बुळबुळीत हिरवळ, भिंतीवरची हरिता (मॉस) आणि पाण्यात बुडालेली, फुले येणारी पूर्ण वाढीची वनस्पती, या तिन्हींना आपण 'शेवाळ' म्हणतो. पहिली दोन फुले न येणारी आहेत आणि तिसरी आंब्या-फणसासारखीच सपुष्प वनस्पती आहे. बुडालेल्या वनस्पतीची एक काडी पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात पसरावी. पाने तीन ते आठच्या वर्तुळांत आणि कडा बारीक दातेरी असतील तर हायड्रिला. पाने दुभंगत जाणाऱ्या काट्यांसारखी असतील आणि मूळ कोठेच सापडत नसेल तर सेराटोफायलम. तळापासून निघणारी लांब, सपाट फितीसारखी पाने असतील तर व्हॅलिस्नेरिया. शेवटचीचे परागीभवन पाहण्यासारखे असते. नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर तरंगत मादीफुलापर्यंत येतात, आणि मग मादीफुलाचा लांब दांडा स्प्रिंगसारखा वळत फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढिवर समाजातील माणसांना हे सारे प्रकार वेगवेगळे ओळखता येतात, कारण कोणत्या वनस्पतीत कोणते मासे अंडी घालतात हे त्यांच्या पोटापाण्याशी जोडलेले आहे. त्या भागात काही तलावांतून बेशरम नावाचे झुडूप उपटून ढिवर स्त्री-पुरुषांनी पाण्याखालच्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्यावर कोणाचा तरी संसार चालतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

काठावरच्या गवतासारख्या वनस्पतींना बहुतेक जण 'गवत' म्हणून सोडून देतात. तसे करू नका, कारण येथे हात डोळ्यांपेक्षा अधिक सांगतो. दांडा बोटांत धरून फिरवावा. तो गोल, आतून पोकळ आणि ठरावीक अंतरावर पेरे असलेला असेल तर ते खरे गवत. तो तीन कडांचा, आतून भरीव आणि पेरांशिवाय असेल तर ते लव्हाळ्याचे कूळ. नागरमोथा याच कुळातला. गवताची पाने दांड्याच्या दोन बाजूंना येतात, लव्हाळ्यांची तीन बाजूंना. पुरुषभर उंच वाढणाऱ्या, तपकिरी मखमली कणसाच्या पाणकणसाला रामबाणही म्हणतात आणि ते कणीस आले की चुकायला जागा उरत नाही. कणीस नसताना मात्र त्याच्या तलवारीसारख्या पानांची वेखंडाशी गल्लत होते. वेखंडाचे पान चुरगळताच वास येतो, आणि पानावर एक ठळक शीर मधोमध नसून एका कडेकडे सरकलेली असते. पाणकणसाला असा वास नसतो.

याच काठावर गुलाबी किंवा पांढऱ्या तुऱ्यांचे शेरळ दिसते. त्याच्या प्रत्येक पेरावर पातळ कागदी नळी खोडाला वेढून असते. अशी नळी दिसली की फूल असो वा नसो, कूळ निश्चित झाले. माकाही येथेच ओलीत पसरतो. समोरासमोर पाने, लहान पांढरी बटणे, आणि खोड मोडून बोटांवर चोळले की काही क्षणांत काळसर होणारा रस. हा रस काळा पडला नाही तर ते दुसरेच काही आहे, मग फूल कितीही जुळो.

आता आपल्या दुसऱ्या छायाचित्राकडे वळतो. ती 'ब्राह्मी' आहे असे आपल्याला गावातल्या आजींनी सांगितले आणि ॲपने ते नाकारले. दोघांचेही चुकलेले नाही. महाराष्ट्रात ब्राह्मी हे नाव दोन अगदी वेगळ्या वनस्पतींना दिले जाते. पहिली मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. तिचे लांब देठाचे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, गोल दात्यांच्या कडेचे पान जमिनीवर धावणाऱ्या खोडाच्या पेरांतून येते. ती कोथिंबिरीच्या कुळातली आहे आणि तिची बारीक गुलाबीसर फुले पानांखाली लपलेली असतात. दुसरी जलब्राह्मी, म्हणजे बॅकोपा. तिची पाने लहान, मांसल, बिनदेठाची, समोरासमोर असतात आणि पानाच्या बगलेत एकेक फिकट जांभळे किंवा पांढरे पाच भागांचे फूल येते. आपल्या छायाचित्रातील वनस्पती मंडूकपर्णी आहे. तिच्यासारखी दिसणारी आणखी दोन लक्षात ठेवा. शोभेच्या कुंड्यांतून आता ओढ्यापर्यंत पोहोचलेल्या हायड्रोकोटाइलचा देठ पानाच्या मध्यभागी जोडलेला असतो, तर मंडूकपर्णीला देठाशी खाच असते. उंदीरकानीचे पानही तसेच मूत्रपिंडाकृती आणि जमिनीलगत, पण तिला पिवळी नरसाळ्यासारखी फुले येतात, कारण ती रताळ्याच्या कुळातली आहे.

स्थानिक नावांविषयी माझ्या मनात फार आदर आहे, कारण त्यांत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. पण नाव एक आणि वनस्पती दोन, ही परिस्थिती वारंवार येते. कळलावीला आपल्याकडे काही ठिकाणी खड्यानाग किंवा बचनागही म्हणतात, तर वैद्यकातील खरा बचनाग ही हिमालयातील वेगळीच वनस्पती आहे. दोन्ही विषारी, पण विष निराळे. निवर हे गोड्या पाण्याच्या काठचे, लाल फुलांच्या लोंबत्या माळांचे झाड. तिवर हे खाडीच्या खाऱ्या चिखलातले. एका अक्षराने झाड बदलते. म्हणून वहीत गावचे नाव, ते सांगणाऱ्याचे गाव आणि शास्त्रीय नाव अशी तिन्ही लिहावीत. शास्त्रीय नाव कोरडे वाटते, पण ते पुण्यातील माणसाला आणि कोलकात्यातील माणसाला एकाच वनस्पतीकडे नेते.

कोकणात जाणे झाले तर खारफुटीत पानांआधी मुळांकडे पाहावे. चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक श्वसनमुळे हजारोंनी वर आलेली असतील आणि पानांची पाठ रुपेरी असेल तर तिवर. तीच मुळे जाड आणि शंकूसारखी असतील तर चिप्पी; यांतील पांढऱ्या चिप्पीला 2020 साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. खोडापासून कमानीसारखी आधारमुळे पाण्यात उतरलेली असतील तर कांदळ. हुरा नावाच्या झाडाची फांदी मात्र मोडू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला इजा होते.

पठारांवरच्या, म्हणजे सड्यांवरच्या पाणथळीविषयी आपल्याला विशेष उत्सुकता दिसते. कास हे 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे, आणि तेथील जांभ्या खडकावरची बोटभर माती पावसाळ्याचे चार महिने दलदल असते. त्या मातीत अन्न इतके थोडे असते की काही वनस्पती कीटकांवर जगायला शिकल्या. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट केस सूर्यप्रकाशात चमकतात. सीतेची आसवे या वनस्पतीच्या बारीक निळ्याजांभळ्या फुलांमागे शेपटीसारखी एक सोंड असते, आणि ओल्या मातीत दडलेल्या धाग्यांवर सूक्ष्म जीव पकडणाऱ्या फुगीर पिशव्या असतात. या वनस्पतीला खरी मुळे नसतातच. वायतुऱ्याचे दोन फाट्यांचे तुरे मात्र दुरूनही ओळखू येतात. ही जात आपल्या परिसराचीच आहे आणि तिच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सड्यावर पांढऱ्या मण्यांसारखे पसरलेले गेंद आपण पाहिले असतील. ते गेंद आहेत, म्हणजे एरिओकॉलॉन, हे कोणीही सांगेल. पण त्यांतील नेमकी जात कोणती हे ठरवायला मिलिमीटरभर फुलाचे भाग सुटे करावे लागतात आणि बियांवरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. छायाचित्रावरून त्याचे पूर्ण नाव सांगणाऱ्यावर, मग तो माणूस असो वा ॲप, विश्वास ठेवू नये. 'एरिओकॉलॉन, जात अनिश्चित' ही नोंद अपुरी नाही, प्रामाणिक आहे. सीतेच्या आसवांतही अनेक जाती आहेत आणि तेथेही हाच नियम लावावा. या फुलांचे छायाचित्र घेण्यासाठी गालिच्यावर गुडघे टेकवू नयेत. एका पावलाखाली चिरडलेली रोपे त्या वर्षी बी धरत नाहीत.

जंगलात शिरलो की फुलांचा आधार जवळजवळ सुटतो. मोठ्या झाडांची फुले उंचावर आणि वर्षातून काही आठवडेच असतात. कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी पिकवते आणि मरते. मधली सहा वर्षे तिला समोरासमोरच्या खरखरीत, दातेरी पानांवरून आणि फुगीर पेरांच्या सरळ काठ्यांवरूनच ओळखावे लागते. त्यामुळे जंगलात मी विद्यार्थ्यांना पहिले कित्येक दिवस फक्त पानांची मांडणी पाहायला लावतो. पाने समोरासमोर की एकाआड एक? पान साधे की संयुक्त, म्हणजे अनेक लहान पर्णिकांचे बनलेले? संयुक्त पानाची पर्णिका म्हणजेच पान, अशी चूक नेहमी होते. त्यावर उपाय सोपा आहे. खऱ्या पानाच्या बगलेत, जेथे देठ फांदीला मिळतो तेथे, कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. कळी सापडेपर्यंत बोट खाली नेत जावे.

मग चीक पाहावा, पण हातावर न घेता. पांढरा चीक आणि फांदीवर पानाच्या खुणेजवळ पूर्ण वेढा घेणारी कंगोऱ्यासारखी रेघ म्हणजे वड-उंबराचे कूळ. पाने समोरासमोर, कडा अखंड आणि दोन देठांच्या मधोमध एक लहान पातळ उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी खवली, असेल तर ते कॉफीचे कूळ; कळंब, हेदू आणि गेळ तेथे सापडतील. अशी पंधरा-वीस कुळे खुणांसह पाठ झाली की अनोळखी झाडापुढे माणूस निराधार राहत नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केलेली जुनी सूची आजही उपयोगी पडते, ती तिच्यातील ओळखकिल्ल्यांच्या मांडणीमुळे. प्रत्येक पायरीला दोन पर्याय, एक निवडायचा आणि पुढे जायचे. अशी किल्ली वापरायला शिकण्यात एक पावसाळा जातो, पण तो सत्कारणी लागतो. नावे मात्र त्यानंतर बरीच बदलली आहेत, तेव्हा ती ताज्या यादीशी ताडून घ्यावीत.

रानभाज्यांविषयी मी अधिक सावधपणे लिहितो, कारण येथील चूक वहीत राहत नाही, पोटात जाते. केवळ छायाचित्र, ॲप किंवा माझ्या या उत्तराच्या आधारे कोणतीही वनस्पती खाऊ नये. पाण्यातील नाळीची भाजी आणि बेशरम ही दोन्ही एकाच गणातील, म्हणजे अगदी जवळच्या नात्यातील आहेत आणि दोघांचीही फुले फिकट जांभळट, नरसाळ्यासारखी असतात. नाळीची भाजी पाण्यावर पसरणारी, पोकळ खोडाची कोवळी वेल आहे. बेशरम हे काठावर माणसाच्या उंचीइतके वाढणारे झुडूप असून ते शेळ्या-गुरांनाही विषारी ठरते. फुलावरून ओळखणारा येथे फसेल, खोड पाहणारा फसणार नाही.

जमिनीखालच्या कंदांबाबत धोका आणखी वाढतो, कारण उकरलेल्या कंदाबरोबर पान-फूल येत नाही. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकलेला, बोटाएवढा असतो. संस्कृतातील 'लांगली' हे तिचे नाव त्यावरूनच पडले. त्यात कोल्चिसिन हे प्राणघातक विष असते, आणि तो खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. वेल उभी असेल तर पानाचे टोक पाहावे. ते लांबून ताण्यासारखे वळते आणि आधाराला गुंडाळते. कारांद्याच्या वेलीला असे टोक नसते. तिची पाने हृदयाकृती, बुडापासून अनेक शिरा निघालेली, आणि वेल संपूर्ण खोडानेच वेढे घेत चढते. कोनफळाच्या खोडाला पंखासारख्या उभ्या पट्ट्या असतात. वेल वाळून गेल्यानंतर उकरलेला कंद मी स्वतः कधीही खात नाही.

शेवळाचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. पावसाच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. पान येण्याआधी जमिनीतून थेट वर येणारा हा मोहोर सुरणाच्या गणातला आहे. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो, म्हणून आतला काही भाग काढून टाकतात आणि भाजीत काकड या झाडाची आंबट फळे घालतात. त्याच दिवसांत रानात सापकांद्याचा फणाही वर आलेला असतो, आणि तो खाण्याचा नाही. ही भाजी शिकायची तर शेवळे विकणाऱ्या बाईकडून, तिला वेळेचे आणि ज्ञानाचे मोल देऊन, तिच्याबरोबर रानात जाऊन शिकावी. दोन-तीन हंगाम तिच्या डोळ्यांखाली खुडल्यानंतरच एकट्याने खुडावे. माझ्या ज्ञानातील रानभाज्यांचा वाटा असाच मिळालेला आहे. तो मला पुस्तकांतून मिळाला नसता.

नोंदीची पद्धत सांगतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग गळ्यात असावे. प्रत्येक वनस्पतीच्या या सहा गोष्टींची छायाचित्रे घ्यावीत: ती जेथे उभी आहे ती जागा, संपूर्ण वनस्पती, पानाची वरची व खालची बाजू, पान खोडाला मिळते तो सांधा, फूल समोरून आणि बाजूने, आणि फळ किंवा साल. एका छायाचित्रात पट्टी ठेवावी. जे छायाचित्रात येत नाही ते जागेवरच वहीत उतरवावे: वास, चिकाचा रंग, खोडाची घडण, पाण्याची खोली, जमीन, तारीख. ॲपचे उत्तर 'एक शक्यता' एवढ्याच किमतीला घ्यावे. ते चित्र जुळवते. त्याला वास येत नाही, रस काळा पडलेला दिसत नाही आणि दांड्याच्या तीन कडा हाताला लागत नाहीत. शंका उरली तर पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे वाळवून जतन केलेले प्रमाणित नमुने आहेत. आधी विचारून जावे. अभयारण्यात किंवा राखीव वनात परवानगीशिवाय एक पानही तोडू नये. खाली पडलेले पान, फळ आणि साल यांवरून बरेच काही कळते.

आता आपले तिसरे छायाचित्र. ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाचे हे पान लांबट, अखंड कडेचे आहे, आणि देठाजवळ पाठीमागे दोन गाठी दिसतात. त्या ग्रंथी आहेत, आणि त्यांच्यावरून हे झाड हिरडा, ऐन, किंजळ, अर्जुन यांच्या टर्मिनेलिया गणातले आहे एवढे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. त्यापुढे जाणार नाही. ओढ्याकाठी असल्याने अर्जुन म्हणण्याचा मोह होतो, परंतु ऐन आणि किंजळही ओढ्याकाठी उभे असतात, आणि पान या तिघांना वेगळे करायला पुरेसे नाही. पुन्हा जाल तेव्हा खोडाचे छायाचित्र छातीच्या उंचीवर घ्या. साल गुळगुळीत, फिकट राखाडी-पांढरी आणि मोठ्या पापुद्र्यांनी सुटणारी असेल तर अर्जुन. ती काळपट, खोल भेगांनी सुसरीच्या पाठीसारखी चौकडीत फाटलेली असेल तर ऐन. हिवाळ्यात सारे झाड दुरून तांबूस दिसत असेल आणि खाली पडलेल्या बारीक फळाला तीन पंख, त्यांतला एक मोठा, असे असेल तर किंजळ. ऐन आणि अर्जुन या दोघांच्याही फळांना पाच पंख असतात, फक्त ऐनाचे पंख अधिक रुंद. ती फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखाली सापडतील. दोन-तीन फळे आणि सालीचे छायाचित्र पाठवा, म्हणजे नाव लिहिता येईल.